रुमालाखालचा हात

निकाहाच्या दिवशी दुपारी हिल्मी जिना चढतानाच घसा खाकरत आला, आणि हा काहीतरी नको ते घेऊन आलाय हे इन्साफने ओळखलं. नवरा गेल्यापासून या धाकट्या दिराचं खाकरणं तिला पाठ झालं होतं. पोस्टखात्यात मोठा साहेब झाला तरी वाईट बातमीआधी त्याला घसा साफ करावाच लागे.

ती स्वयंपाकघरात गुलाबाच्या सरबताचं पातेलं उतरवत होती. बाहेरच्या खोलीत भाड्याच्या सोनेरी खुर्च्या मांडून झाल्या होत्या. आतल्या खोलीत शहीराचे केस बांधायला शेजारच्या चौघी बसल्या होत्या, म्हणजे बांधत एकच होती आणि बाकीच्या तिघी चुका काढत होत्या.

"वहिनी, दार लोटून घ्या जरा," हिल्मी म्हणाला.

"लोटलं. बोला."

"बद्रान बेंचा निरोप आहे."

बद्रान बे म्हणजे शहीराचे होणारे सासरे, निवृत्त न्यायाधीश. बे, पाशा हे किताब सरकारने मोडीत काढून एक तप उलटलं होतं, पण बद्रान बेंना नुसतं बद्रान म्हणायची कैरोत कुणाची छाती नव्हती.

"ते म्हणतात, निकाहात मुलीच्या वतीने बोलणारा वकील म्हणून मुरादच्या हातात हात मी द्यावा. दादाने नाही."

इन्साफने पातेलं ओट्यावर ठेवलं. बाप नसलेल्या मुलीचा हात थोरला काका देतो, ही रीत तिला कुणी सांगायला नको होती. आणि रिफअत नुसता थोरला काका नव्हता. तिचा नवरा मुख्तार गेला तेव्हा शहीरा दुधाचे दातही न पडलेली, आणि हे घर, तिची शाळा, तिचं कॉलेज, सगळं रिफअतने अंगावर घेतलं होतं. तेव्हा हिल्मी अलेक्झांड्रियाला बदली मागून मोकळा झाला होता.

"कारण?"

"कारण तुम्हाला ठाऊक आहे."

"मला त्यांच्या तोंडचं ऐकायचंय."

हिल्मीने पुन्हा घसा साफ केला. "म्हणाले, जो माणूस पडद्यावर बायकांचे झगे घालून कंबर हलवतो त्याचा हात माझ्या मुलाच्या हातात नको. आणि लबीबबद्दलही म्हणाले. दोन पुरुष इतकी वर्षं एका घरात. बायको नाही, पोर नाही. आता ते न्यायाधीश, वहिनी, त्यांना पुरावा लागतो. पण इथे त्यांना लागला नाही."

या घरात ते नाव असं कधी घेतलं गेलं नव्हतं. लबीब रिफअतच्या नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळायचा. ईदला यायचा, हिशेबाने सगळ्यात कमी खायचा, शहीराचे शाळेचे झगे तोच शिवायचा. तो या घराचा कोण हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून सगळे त्याला 'उस्ताद' म्हणत आणि विषय बदलत.

"आणि आपण नाही म्हटलं तर?"

"तर ते येतील, सरबत पितील आणि लग्न पुढे ढकलू म्हणतील. पुढे ढकललेलं लग्न कधी लागलेलं पाहिलंय तुम्ही?"

"तुमचं काय मत आहे?"

हिल्मी खिडकीकडे वळला. "माझ्या ऑफिसात शिपाईसुद्धा मी पाठ फिरवली की दादाची चाल चालून दाखवतात. आयुष्यभर मी सिनेमातल्या तुर्मुसाचा भाऊ. माझ्याही दोन पोरी आहेत, वहिनी. त्यांनाही कुणीतरी मागायला यायचंय."

हे बोलताना तो लबाडी करत नव्हता, म्हणूनच इन्साफला त्याच्यावर धड रागावताही येईना.

"मग जाऊन सांगा त्यांना."

"तुम्ही सांगा. मी धाकटा आहे."

"सांगायला धाकटे, आणि हात द्यायला थोरले होय?" ती म्हणाली, आणि डोक्यावर ओढणी घेऊन निघाली.

*

दोन गल्ल्या सोडून रिफअतच्या घरी सकाळपासून तालीम चालली होती.

रिफअतला स्वतःच्या जिभेची भीती वाटत होती. पहिल्या सिनेमात त्याने खारवलेल्या तुर्मुसाच्या बिया विकणाऱ्याचं काम केलं, नाकातून काढलेल्या एका लाडिक सुरात हाळी दिली, आणि त्या दिवसापासून सगळा मुलूख त्याला तुर्मुसा म्हणू लागला. खाटीक त्या सुराशिवाय मांस तोलेना. दात उपटणारा डॉक्टर म्हणाला, आधी एकदा बोलून दाखवा. मुख्तारच्या मातीला आलेल्या एका माणसानेसुद्धा त्याचा हात हातात घेऊन हळूच विचारलं होतं, एकदाच, माझ्या बायकोसाठी. आता निकाहाचं वाक्य बोलताना मध्येच तो सूर लागला तर?

"पुन्हा," लबीब म्हणाला. "आणि खांदा पाड. उजवा खांदा वर गेला की तू तुर्मुसा होतोस."

लबीब समोरच्या खुर्चीवर नवऱ्यामुलाच्या जागी बसला होता. दोघांचे उजवे हात एकमेकांत, अंगठ्याला अंगठा टेकलेला, आणि वर पांढरा रेशमी रुमाल. शहीराच्या झग्याचं कापड बेतताना उरलेल्या तुकड्यातून लबीबनेच तो शिवला होता. काठाला इतकी बारीक टीप की बोटालाही लागू नये.

रिफअतने खांदा पाडला. "माझ्या भावाची मुलगी शहीरा, जी माझ्या आसऱ्याला आहे, ती मी अल्लाच्या आणि पैगंबरांच्या रीतीने तुला देतो."

"छान. आता मी म्हणणार, कबूल."

"म्हण."

"कबूल," लबीब म्हणाला.

तालीम संपली होती. हात मात्र कुणी सोडला नाही. रुमालाखालचं कुणाला दिसण्यासारखं नव्हतं आणि खोलीत बघायलाही कुणी नव्हतं, तरी लबीबने एकदा खिडकीकडे पाहिलं. सवय.

दार वाजलं तसे दोघे दचकून सुटे झाले. इन्साफ आत आली तेव्हा रुमाल जमिनीवर पडला होता आणि लबीब तो उचलून झटकत होता.

"कॉफी टाकतो," तो म्हणाला.

"नको उस्ताद. बसा तुम्ही." ती स्वतः मात्र बसली नाही. "भावोजी, हिल्मीभावोजी आले होते."

"किती वेळा खाकरला?"

"बरेचदा."

"मग मला कळलं." रिफअत हसला नाही. "बद्रान बे ना? साखरपुड्याला माझ्याशी हात मिळवून त्यांनी तो खिशातल्या रुमालाला पुसला होता. तेव्हाच वाटलं होतं. मग म्हटलं, असेल, हाताला बदामाची साखर लागली असेल."

इन्साफचे डोळे भरले. "तुम्ही नाही म्हणा, भावोजी. तुम्ही हक्क सोडत नाही म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहते."

"किती वेळ उभ्या राहाल?"

आयुष्यात आपण एवढ्या खऱ्या प्रश्नाला गप्प बसलो हे तिला पुढे कितीतरी वर्षं आठवत राहणार होतं.

"माझ्यामुळे असेल तर," लबीब इस्त्रीच्या टेबलाकडे तोंड करून म्हणाला, "मी तसाही येणार नव्हतो. हे त्यांना सांगितलंत का?"

"तुझ्यामुळे नाही," रिफअत म्हणाला. इतक्या साध्या, जाड, पुरुषी आवाजात की इन्साफला क्षणभर मुख्तारच बोलल्यासारखं वाटलं.

मग त्याने रुमाल लबीबच्या हातातून घेतला, घडी केली आणि तिच्या पुढे धरला. "हिल्मीला द्या. आणि शहीराला सांगा, विचारायला येतील तेव्हा हिल्मीचं नाव घे. मीच म्हणालो म्हणून सांगा. नाहीतर ती ऐकायची नाही. तुमच्यावर गेलीय."

"तुम्ही याल ना पण?"

"न येऊन कसं चालेल? तुर्मुसा नाही आला तर पाहुणे पैसे परत मागतील."

*

शहीराने आईचं सगळं ऐकून घेतलं आणि काही बोलली नाही. इन्साफने ते होकार समजून घेतलं. आया पुष्कळदा सोयीचं तेच समजतात.

तिच्या डोक्यात शाळेचा रस्ता होता. रिफअतकाका तिला रोज सकाळी शाळेत सोडायचा, पण दारापर्यंत नाही. औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तो थांबायचा, सिगरेट पेटवायचा आणि म्हणायचा, "जा पुढे राणी, मी एवढी ओढतो." तिला वाटायचं काकाला सिगरेटचं फार वेड. चांगली मोठी झाल्यावर एकदा तो आजारी होता म्हणून लबीब सोडायला आला. तो मात्र थेट दारापर्यंत आला. तिने विचारलं, तुम्ही नाही का ओढत? लबीब म्हणाला, "तोही ओढत नाही, नुसती पेटवतो. तुझ्या मैत्रिणी त्याला पाहून ओरडतात ना, म्हणून थांबतो." त्या दिवशी वर्गात तिचं कशातही लक्ष लागलं नव्हतं.

दारावर टकटक झाली. बायका गप्प झाल्या. रितीप्रमाणे दोन साक्षीदार दाराबाहेर उभे होते. त्यातला म्हातारा म्हणाला, "मुली, निकाहासाठी तू कुणाला वकील करतेस?"

इन्साफने तिचा हात दाबला.

"रिफअतकाकांना," शहीरा म्हणाली.

"शहीरा," आई कुजबुजली.

"मुली, पुन्हा सांग."

"माझे काका रिफअत. तिसऱ्यांदा विचारणार असाल तर तिसऱ्यांदाही तेच."

इन्साफने तिचा हात सोडला नाही. पण दाबणंही थांबवलं.

*

बाहेर हिल्मी कोचावर निकाह लावणाऱ्या शेखांच्या डावीकडे बसला होता. उजवीकडे मुराद. उंच, भला पोरगा, नुकताच धरणाच्या कामावर इंजिनिअर म्हणून लागलेला. समोर काठीवर दोन्ही हात ठेवून बद्रान बे. हिल्मीने हाताचा घाम मांडीला तीनदा पुसला होता. रुमाल त्याच्या खिशात होता.

रिफअत दाराशी, सरबताच्या तबकाजवळ उभा. येणारा प्रत्येक पाहुणा त्याला कोपराने ढोसत होता.

"काय तुर्मुसा, पोर उजवलीस, आता तुझं कधी?"

"आजचा रुमाल तूच पळव. पळवील त्याचं लग्न वर्षात लागतं म्हणतात."

"पळवला असता," रिफअत म्हणाला, "पण माझ्या मापाची बायको शिंप्याकडे अजून तयार नाही."

लोक हसले. हिल्मीलाही हसू आलं आणि लगेच स्वतःचा राग आला.

साक्षीदार परत आले. म्हाताऱ्याने शेखांच्या कानाशी न जाता भर खोलीत सांगितलं, "मुलगी तिच्या काका रिफअत यांना वकील करते."

पहिल्यांदा हिल्मीला वाटली ती सुटका होती. लाज त्याच्या मागून आली.

"मग वकिलांनी इकडे यावं," शेख म्हणाले. त्यांना आतलं काहीच ठाऊक नव्हतं. "मुलीचा शब्द शेवटचा."

हिल्मी उठला. रिफअत खोली ओलांडून आला. न ठुमकता, न मुरडता, साध्या चालीने. कोचावर बसला आणि हात पुढे केला. हिल्मीने खिशातून रुमाल काढून त्याच्या हातात दिला आणि भावाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मुख्तारला कबरीत उतरवताना हा चेहरा त्याने एकदा पाहिला होता. त्यानंतर नाही. दादाचा स्वतःचा चेहरा असा असतो हे तो विसरूनच गेला होता.

मुरादने हात पुढे केला. दोन हात एकमेकांत गेले. शेखांनी वर रुमाल टाकला.

"म्हणा माझ्यामागे," ते म्हणाले. "माझ्या भावाची मुलगी..."

"माझ्या भावाची मुलगी शहीरा," रिफअत म्हणाला, "जी माझ्या आसऱ्याला आहे..."

बद्रान बेंची काठी फरशीवर वाजली. ते उभे राहिले होते.

"मुराद," ते शांतपणे म्हणाले, "ऊठ."

मुराद उठला नाही. बसलाही राहिला नाही. अर्धवट वर आला आणि बापाकडे बघत राहिला. हात अजून रुमालाखालीच होता. हिल्मीने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार बोटभर उघडं होतं. आपण काहीतरी बोललं पाहिजे हे त्याला कळत होतं. तो खाकरला.

आणि मग त्याने पाहिलं, दादाचा उजवा खांदा हळूच वर गेला.

"अग्गबाई!" रिफअतने नाकातून सूर काढला. रुमाल भिरकावून त्याने मुरादचा हात उलटासुलटा केला, डोळ्यांजवळ नेला, वास घेतला. सिनेमातली ती खट सासू, जमुर्रुदबाई, जी त्याने इतक्या वेळा केली होती की शेंबडी पोरंही तिची नक्कल करत. "हा हात म्हणे इंजिनिअरचा! नखं बघा, पाशाची लेक बसलीय जशी गादीवर... छे गं बाई, तिचीही याहून काळी असतील! कधी भेंडी चिरलीस का रे बाळा? मुलूखियाचा पाला कुटलास? भांडी तरी? नाही? मग धरण कसलं बांधतोस, आधी मोरी तुंबली तर काढता येते का ते सांग!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा.

"आणि बे, तुम्ही का उठलात? बसा, बसा. बघण्याच्या कार्यक्रमात मुलाचा बाप आधी उठला तर मुलात खोट असते म्हणतात!"

आता सगळी खोली कोसळली. शेख दाढी धरून हसत होते. बद्रान बेंच्या ओठाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि ते खुर्चीत बसले. सगळ्यांना वाटलं, हे आधीच ठरवलेलं. पोरीने काकाचं नाव घ्यायचं आणि काकाने येऊन सासूबाईंच्या नकलेचा तुकडा करायचा. तुर्मुसाच्या घरचं लग्न, ते असंच असणार.

रिफअतने मुरादचा हात उचलून हिल्मीच्या हातात ठेवला. "मुलगा पसंत आहे. बायकांचं काम झालं. आता पुरुषांचं पुरुषांनी उरका." शेवटचे शब्दही त्याच सुरात होते. टाळ्या पडल्या. हिल्मीच्या हातात मुरादचा हात थंडगार होता, आणि तो पोरगा एकटाच हसत नव्हता.

"शेवटी रीत ती रीत," शेख डोळे पुसत म्हणाले. "मुलीला पुन्हा विचारून या."

*

आतल्या खोलीत शहीराला आधी काकाचा आवाज ऐकू आला होता, तो खरा, जाडसर. तिने डोळे मिटले होते. मग दुसरा आवाज आला. मग हसण्याचा लोंढा.

साक्षीदार दाराशी आले. म्हातारा अजून हसत होता. "मुली, थट्टा पुरे हं. आता सांग, वकील कोण?"

ती इतका वेळ गप्प राहिली की केस बांधणारी शेजारीण रडू लागली, का ते तिलाही कळलं नसावं.

"हिल्मीकाका," शहीरा म्हणाली.

*

निकाह लागला. बायकांनी जिभा हलवून आनंदाच्या लांब किलकाऱ्यांनी घर दणाणून सोडलं, साखरेचे बदाम उधळले गेले. रुमालावर पोरं तुटून पडणार एवढ्यात आतलं दार उघडून शहीरा स्वतः बाहेर आली आणि शेखांच्या समोरून तो उचलून घेतला. लोकांना मोठी मौज वाटली. आजवर नवरीने कधी रुमाल पळवला नव्हता.

ती सरबताच्या तबकाशी गेली. रिफअत रिकामे पेले गोळा करत होता, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"मुबारक, राणी," तो म्हणाला.

"मी इतक्या लोकांत तुमचं नाव घेतलं, काका."

"ऐकलं मी."

"आणि तुम्ही आजही कोपऱ्यावरच थांबलात."

त्याच्या हातातले पेले एकमेकांवर वाजले. तिला रागाने रडायचं होतं, पण त्याच्याकडे पाहिल्यावर राग टिकेना. तिने रुमालाची घडी केली आणि त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात घातली.

"अरे व्वा, तुर्मुसाला मिळाला!" मागून कुणीतरी ओरडलं. "आता वर्षात लग्न!"

हसणं पुन्हा उसळलं. त्या गलक्यात ती त्याच्या कानाशी म्हणाली, "ज्यांनी शिवला त्यांना द्या. मी दिला म्हणून सांगा."

*

दिवेलागणीला तो घरी आला. लबीबने दार उघडलं. घरात इस्त्रीचा वास अजून होता. लबीबने त्याचा कोट काढून घेतला, रोज थिएटरात घेई तसा, आणि खिशातून रुमाल बाहेर आला.

"हा हिल्मीकडे हवा होता."

"शहीराने दिलाय. तुला."

"मला?"

"तुला."

लबीबने रुमाल दिव्याखाली धरला. सुरकुत्या पडल्या होत्या, एका काठाला सरबताचा गुलाबी डाग होता. तो खुर्चीवर बसला, सकाळच्याच. त्याने गुडघ्यावर रुमाल पसरून तळव्याने सपाट केला आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"हसवलंस का त्यांना?" त्याने विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप," रिफअत म्हणाला आणि समोरच्या खुर्चीवर बसला. खांदा अजून वरच होता. लबीबने हात पुढे करून तो हळूच खाली पाडला.